आत्याचा मुका झालेला संगणक

कोकणातल्या एका लहान शहरात मालन नावाची एक अंध बाई भावाच्या घरी राहत असे. ती कुणावर ओझं नव्हती. कॉलेजातल्या प्राध्यापकांची रेकॉर्ड केलेली व्याख्यानं ऐकून ती संगणकावर टाइप करून देई. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर तिच्या संगणकात होतं. ते बोले, ती ऐके, आणि तिची बोटं सहसा चुकत नसत. ‘माझं काम’ म्हणताना तिचा आवाज जरा उंच होई.

तिच्या भावाचा मुलगा निरंजन संगणकाचा कोर्स करत होता. घरात त्याच्या हुशारीचं मोठं कौतुक. एकदा मालन कीर्तनाला गेली असताना त्यानं तिला न विचारता संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट केली. तिचं सॉफ्टवेअर मुकं झालं. घाबरून त्यानं त्याची नवी आवृत्ती टाकली. ती बोलू लागली, पण जोडाक्षरांपाशी अडखळे. आणि मालनच्या बोटांना पाठ असलेली बटणं आता भलतंच काहीतरी करत.

“निरंजन, जुनंच परत घाल ना रे,” मालन म्हणाली.

जुनी आवृत्ती पुन्हा नीट बसवली की नव्या सिस्टिमवरही चालते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण दारात वडील उभे होते. “न विचारता हात लावलासच कशाला?” ते कडाडले.

निरंजन पटकन म्हणाला, “जुनं आता चालतच नाही, बाबा. आज ना उद्या हे व्हायचंच होतं. सगळेच नवं शिकतायत. आत्यालाही जमेल.”

वडील शांत झाले. पुढे बऱ्याचदा निरंजनच्या मनात आलं, गुपचूप जुनं बसवून टाकावं. पण मग आपलं खोटं उघडं पडेल. तो गप्प राहिला.

मालन नेटानं शिकत बसली. टायपिंगमध्ये चुका होऊ लागल्या, कामाला उशीर होऊ लागला. शेवटी कॉलेजनं ते काम दुसरीला दिलं.

“राहू द्या वन्सं, आता आराम करा,” वहिनी म्हणाली.

मालननं संगणकावर कापड घातलं. “सगळ्यांना जमलं, मलाच नाही. डोकंच चालेनासं झालंय माझं,” असं ती जेवताना म्हणे. निरंजन मान खाली घालून भात कालवत राही.

दिवाळीनंतर मालनची अंधशाळेतली मैत्रीण जरीना नवऱ्यासोबत भेटायला आली. हकीकत ऐकून ती उडालीच. “कोण म्हणतं चालत नाही? अगं, माझंही असंच झालं होतं. मी जुनंच परत बसवून घेतलं!”

तिनं नवऱ्याला संगणकापुढे बसवलं. तो पडद्यावरचं वाची, ती काय करायचं ते सांगे. वहिनीचा चहा होईपर्यंत जुना, ओळखीचा आवाज खोलीत बोलू लागला. मालन दोन्ही हातांनी टेबल धरून ऐकत राहिली.

तेवढ्यात निरंजन आला आणि दारातच थबकला.

मालननं पावलं ओळखली. “निरंजन, तुला हे येत नव्हतं का रे?”

“येत होतं.”

“मग?”

“बाबा रागावले असते.”

मालननं टेबलावरचे हात काढून घेतले. मग म्हणाली, “तू बापाची बोलणी चुकवलीस. आणि मी इतके महिने स्वतःला मठ्ठ समजत बसले.”

कॉलेजचं काम परत मिळालं नाही. निरंजननं माफी मागितली, आणि मालननं ती दिलीही. पण संगणक अडला की तो धावत येई, तेव्हा ती म्हणे, “असू दे. तुला कशाला त्रास?” आणि त्याच्या पावलांचा आवाज दूर जाईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राही.

तात्पर्य इतकंच: चूक केलीस तर बोलणी खा; पण ती लपवायला दुसऱ्याला ‘याला इलाज नाही’ असं सांगू नकोस. तो बिचारा तुझ्या चुकीचा दोष स्वतःला लावत बसतो.