उजव्या गालावरचा शिक्का

“बघतंय कोण?” उस्तादांनी विचारलं.

की “नेम कोण धरतंय?” असं विचारलं होतं? उदाजीरावांना आता या वयात छातीठोक सांगता येत नाही. हा प्रसंग त्यांनी मनात इतका घोळवला आहे, की मूळचं किती आणि आपण घातलेलं किती, याचीच त्यांना शंका येते. पण तेवीस वर्षांच्या उदाजीनं ताठ मानेनं उत्तर दिलं, एवढं नक्की.

“मी बघतोय. दुसरं कोण बघणार?”

“मग तबकडी का फुटत नाही, धाकले सरकार?”

दस्तगीर उस्ताद पूर्वी संस्थानच्या शिकारखान्यात होते. संस्थान गेलं, तेव्हापासून ते कोल्हापूरबाहेरच्या एका माळावर पोरांना हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या छर्‍यानं फोडायला शिकवत. दिवाळीनंतर राज्याच्या संघाची निवड होती. उदाजीनं घरात शब्द दिला होता : संघात जाईन, आणि आबासाहेबांच्या दुनळी बंदुकीनंच जाईन.

आबासाहेब म्हणजे त्याचे आजोबा. दुनळी त्यांनी खास स्वतःसाठी घडवून मागवली होती. त्यांच्यामागे ती दुनळी कुणालाच वश झाली नव्हती. वडिलांनी नाद सोडला, काकांनी सोडला. “मानी आहे ती,” असं घरात कौतुकानं म्हणत. बार काढला की ती उजव्या गालावर असा तडाखा देई, की गाल काळानिळा पडे. त्या डागाला घरात ‘शिक्का’ म्हणत. गालावर शिक्का घेऊन जेवायला बसणार्‍याला पंक्तीत पहिलं वाढत.

उदाजीचा शिक्का त्या दिवशी ताजा होता. तबकड्या मात्र अख्ख्याच्या अख्ख्या गवतात पडलेल्या होत्या. छर्रा दर वेळी त्यांच्या डावीकडून जात होता.

उस्ताद थोडं दूर जाऊन उभे राहिले.

“दोन्ही तळवे जुळव. मधे बोराएवढं भोक ठेव. हात लांब, डोळे दोन्ही उघडे. त्यातनं मला बघ.”

“बघितलं.”

“हात हलवू नको. डावा डोळा मीट.”

उदाजीनं मिटला. भोकात उस्ताद नव्हते. नुसती बाभळ होती.

“उस्ताद, तुम्ही सरकलात.”

“या गुडघ्यांनी? … आता डावा उघड, उजवा मीट.”

उस्ताद भोकात परत आले. मिशीसकट, जागच्या जागी.

उदाजीचे हात हळूहळू खाली आले.

“बंदूक उजव्या खांद्याला,” उस्ताद म्हणाले, “आणि बघणारा डावा. तुझा उजवा डोळा नुसता शोभेला बसलाय.”

“उपाय?”

“डाव्या डोळ्यापुढं कागद लाव. पुष्कळजण लावतात.”

“आबासाहेबांचा नातू डोळा झाकून उभा राहणार?”

“मग खांदा बदल.”

“आमच्या घराण्यात डाव्या खांद्याला कुणी बंदूक लावलेली नाही, उस्ताद! दिवाणखान्यात आबासाहेबांची तसबीर आहे. हीच दुनळी. उजव्या खांद्याला!”

“पाहिलीय. चित्रकार ती रंगवत होता, तेव्हा मी तिथंच उभा होतो.”

“मग?”

“तसबिरीनं किती पाखरं पाडली?”

उदाजीची कानशिलं तापली. दुनळी उचलून चालतं व्हावं असं त्याच्या मनात आलं. पण मग घरी काय सांगायचं? वडिलांनी सोडली, काकांनी सोडली, आणि आता मीही…

उस्ताद पुढं आले. उजव्या खांद्यावरचं झोपलेलं मूल डाव्या खांद्यावर घ्यावं, तशी त्यांनी दुनळी अलगद त्याच्या उजव्या खांद्यावरून डाव्यावर आणली.

“अशी.”

महिनाभर काडतूस मिळालं नाही. नुसतं उचलायचं, गाल टेकायचा, उतरवायचं. पहिले आठ दिवस हात वेड्यासारखे वागले. बूट उलटसुलट घातल्यासारखं वाटायचं. मग महिना सरल्यावर एका सकाळी उस्तादांनी काडतूस भरून दिलं. गाल बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर टेकला, आणि ओळखीच्या उशीवर टेकावा तसा टेकून राहिला.

“उस्ताद…”

“गप. तबकडी बघ. बंदूक बघू नको.”

उस्तादांनी तबकडी उडवायच्या यंत्राची दोरी स्वतः ओढली. तबकडी माळावरून वर झेपावली, आणि उन्हात तिचा धूर झाला.

उदाजीनं गाल चाचपला. दुखत नव्हता.

“झाली! वश झाली, उस्ताद! वडिलांना नाही, काकांना नाही… मला झाली!” त्याची छाती अंगरख्यात मावत नव्हती. “आता पंक्तीत पहिलं वाढणार नाहीत, एवढंच.”

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दुनळी आपल्या हातात घेतली, बिजागरीवर दुमडून रिकामं काडतूस काढलं, दस्त्यावरून तळवा फिरवला, आणि तिलाच म्हणाले,

“आलं गं बाई. घरचं माणूस आलं.”

दिवाळीनंतर उदाजी संघात गेला. डाव्या खांद्यानं, त्याच दुनळीनं. उस्तादांचं ते बोलणं त्यानं स्वतःची स्तुती म्हणून कित्येक वर्षं मिरवलं.

पुढं उस्ताद गेले. त्यालाही बराच काळ लोटल्यावर बेळगावच्या एका जुन्या कारागिराकडं उदाजीरावांनी दुनळी तपासायला दिली. कारागिरानं नळीच्या टोकापासून दस्त्याच्या टोकापर्यंत दोरा ताणून धरला. दोरा सरळ होता, दस्ता नव्हता. तो घडवतानाच डावीकडे झुकवलेला होता. डाव्या खांद्याच्या माणसासाठी मागवतात, तसा.