टिचकीचा गूळ चाकाखाली

एक होती मुंगी. नाव टिचकी. अंग तिळाएवढं, तोरा हत्तीएवढा!

टिचकीला मिळाला गुळाचा खडा. गूळ तरी कसला? पिवळाधमक! टिचकी तो ओढत निघाली गॅरेजातून. हुश्श! जरा दम खायला खडा खाली ठेवला.

तेवढ्यात आली पिकअप. धुर्रर्र... फट्! उभी राहिली थेट गुळावर.

"पिकअपताई, पिकअपताई, सरक ना!"

"कशी सरकू? इंजिनात ऑइल कमी. कॅन ओतेल, तर सरकेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"कॅनदादा, कॅनदादा, ऑइल ओत ना! पिकअप सरकेना, माझा गूळ मिळेना!"

"अंदाजाने ओतू काय? कमी पडलं तर इंजिन रडेल, जास्त झालं तर धूर ओकेल! इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी माप सांगेल, तर ओतेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"पट्टीबाई, पट्टीबाई, माप सांग ना! कॅन ओतेना, पिकअप सरकेना, माझा गूळ मिळेना!"

"इंजिनात बुडून बसलेय मी. अंगभर ऑइल! खरं माप दिसेल कसं? फडकं पुसेल, तर सांगेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"फडकोबा, फडकोबा, पट्टी पूस ना! पट्टी सांगेना, कॅन ओतेना, पिकअप सरकेना, माझा गूळ मिळेना!"

"मी लटकलोय खिळ्याला. मिस्त्री उठतील, तर पुसेन."

यासीन मिस्त्री पुठ्ठ्यावर आडवे. पाय पसरून!

"यासीनचाचा, यासीनचाचा, उठा ना! फडकं पुसेना, पट्टी सांगेना, कॅन ओतेना, पिकअप सरकेना, माझा गूळ मिळेना!"

"वा गं वा! चहाआधी मिस्त्री उठला, असं कुठं ऐकलंस? सुंद्राकाकू चहा आणतील, तर उठेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. शेजारीच काकूंची टपरी.

"सुंद्राकाकू, सुंद्राकाकू, चहा आणा ना! मिस्त्री उठेना, फडकं पुसेना, पट्टी सांगेना, कॅन ओतेना, पिकअप सरकेना, माझा गूळ मिळेना!"

"चहा तयार आहे गं. पण रोज मीच विचारायचं होय, 'चहा हवा का, चाचा?' आज ते हाक मारतील, तर आणेन."

आता गं बाई! हे म्हणतात चहा आधी, त्या म्हणतात हाक आधी!

टिचकीने मिशा फिरवल्या. परत आली तुरुतुरु. चढली मिस्त्रींच्या अंगठ्यावर. कुट्ट!

"आई गंऽऽ!"

"आले, आले!" काकू किटली घेऊन हजर. "हाक मारायला केवढा तो उशीर!"

मिस्त्री चहा प्यायले, फुर्रर्र. मिस्त्री उठले, टुणकन. फडक्याने पट्टी पुसली, सुळकन. पट्टी आत, पट्टी बाहेर. "अर्धा लिटर कमी!" कॅनने ओतलं, गट गट गट. "बस्स!" पट्टी ओरडली. थेंबभरही जास्त नाही! पिकअप सरकली, घुर्रर्र.

गूळ सुटला! पण त्याचा झाला होता चुरा.

"अरेरे, फुटला की गं!" मिस्त्री हळहळले.

"फुटला कुठं? फोडून मिळाला, चाचा!" टिचकी म्हणाली. "नाहीतर फोडायला हातोडा घेऊन तुम्हालाच यावं लागलं असतं ना? तेही चहा झाल्यावर!"

गूळ मुंगीच्या पोटी, गोष्ट तुमच्या ओठी!