लंगडी कोंबडी आणि सुताराची पेटी

फार पूर्वी, अंगणांना कुंपणं घालायची कुणाला गरज वाटत नसे तेव्हाची ही गोष्ट. एका गावात सगुणा नावाची म्हातारी राहत होती. घरात ती एकटी, आणि अंगणात नऊ कोंबड्या नि एक कोंबडा. सूप घेऊन तिने "तीऽ तीऽ तीऽ" केलं, की सगळा गोतावळा तिच्या पायांत. त्यांच्यामागून चिमण्या यायच्या, कावळे यायचे, दिवस मावळायला उंदीरही यायचे. दाणे टाकायचे हिने आणि खाऊन जायचं साऱ्या जगाने!

एक दिवस लेकीचा निरोप आला. लेक हौसा दोन दिवसांच्या वाटेवर दिलेली. पहिलंच बाळंतपण, घरात सासू नाही, आणि वैद्याने प्रवासाला नाही म्हटलेलं. "आई, महिनाभराने तूच ये. तू नसलीस तर मला धीर नाही."

म्हातारीला आनंद झाला आणि लगेच रडूही आलं. कोंबड्यांना कुणाच्या हवाली करणार? मागे एकदा ती चार दिवस गेली होती. ढीगभर दाणे अंगणात ओतून गेली, ते कावळ्या-उंदरांनी दुसऱ्याच दिवशी फस्त केले. परत आली तेव्हा एक कोंबडी उपाशी मेली होती.

शेजारी धोंडू सुतार राहायचा. तो म्हणाला, "मावशी, रडतेस काय? आमची ही सकाळी पाणी ठेवील, संध्याकाळी खुराड्याचं दार लावील. पण कावळ्या-उंदरांपासून दाणे राखत दिवसभर बसायला तिला सवड नाही, त्याचं मी बघतो."

त्याने एक लाकडी पेटी केली. पेटीपुढे एक फळी. कोंबडी फळीवर चढली की तिच्या वजनाने झाकण वर, उतरली की झाकण खाली. चिमणीच्या नाहीतर उंदराच्या वजनाने ते हलायचंसुद्धा नाही.

"पण शिकवावं लागेल हं," धोंडू म्हणाला. "आधी फळीवर मोठा दगड ठेव, म्हणजे झाकण उघडंच राहील. आठ दिवस त्यांना नुसतं खाऊ दे. मग दगड लहान ठेव, झाकण थोडं हलेल, तेही अंगवळणी पडेल. शेवटी दगड काढ. आणि ऐक, तोवर अंगणात एक दाणा टाकायचा नाही."

"अरे, माझ्या कोंबड्या हुशार आहेत!" म्हणत म्हातारीने तिसऱ्याच दिवशी दगड काढला. कोंबडा ऐटीत फळीवर चढला, झाकण वर गेलं, तो दचकून मागे उडाला, झाकण धाडकन आपटलं. झालं! कोंबडा छपरावर, कोंबड्या चुलीमागे. पुन्हा पेटीजवळ फिरकायला कुणी तयार होईना.

धोंडूने कपाळावर हात मारला. "मावशी, आता पहिल्यापासून."

पुन्हा मोठा दगड आला, मग लहान आला. पण म्हातारीला राहवेना. कोंबड्या पायांशी येऊन माना वर करून बघायच्या, आणि हिचं काळीज विरघळायचं. धोंडू कामावर गेला की पदराआडून दोन मुठी दाणे टाकायची. "घ्या गं बायांनो. त्या मेल्याला सांगू नका."

मग काय! आयतं मिळतंय म्हटल्यावर पेटीकडे कोण बघतो?

महिना सरत आला. धोंडूने पेटी उघडून पाहिली. "मावशी, दाणे फारसे कमी झालेले नाहीत. मग ह्या खातात काय?"

म्हातारी पदराशी चाळा करू लागली. धोंडूने ओळखलं. तो चिडला नाही, पण बोलला ते तिला लागलं. "तुला चार दिवसांनी निघायचंय. माया करतेस, पण तुझी मूठ तू सोबत घेऊन जाणार. मागे यांना काय ठेवणार?"

तेवढ्यात खट् असा आवाज आला. दोघांनी वळून पाहिलं. कळपात एक लंगडी कोंबडी होती. म्हातारीच्या मुठीतला दाणा तिला कधी मिळालाच नव्हता, धडधाकट कोंबड्या तिला टोचून हाकलायच्या. भुकेपायी ती लहान दगडाशेजारी फळीवर उभी राहून शिकली होती. तिचं वजन पडलं, झाकण पुरतं उघडलं, आणि बाई निवांत दाणे टिपत होती!

"अगं माझी बाय ती!" म्हातारीने तोंडावर पदर धरला. "जिची मला कीव यायची, तीच शिकली!"

त्या दिवसापासून तिने हात बांधून घेतले. सूप माळ्यावर टाकलं, दगड काढला. कोंबड्या ओरडल्या, तीही ओसरीत बसून डोळे पुसत राहिली, पण उठली नाही. दुसऱ्या दिवशी भूक लागली तशी काळी कोंबडी लंगडीच्या मागून फळीवर चढली. तिच्यामागून तुरेवाली. चौथ्या दिवशी, सगळ्यांत शेवटी, मान ताठ ठेवून कोंबडाही चढला. म्हातारीने गाठोडं उचललं.

हौसाला मुलगी झाली. आठ दिवस म्हातारीने बाळाला स्वतः न्हाऊ घातलं. हौसा लांबून बघायची. "मला नाही जमायचं गं, हातातून निसटली तर?"

नवव्या दिवशी म्हातारीने बाळ हौसाच्या पायांवर ठेवलं आणि आपला हात बाळाच्या मानेखाली धरला. पुढे चार दिवसांनी मानेखाली नुसती बोटं धरली. मग एका सकाळी पाणी तापवून दिलं आणि पाटावर जाऊन बसली.

बाळ रडलं. हौसा घाबरून म्हणाली, "आई, ये ना!"

म्हातारीचा हात पुढे गेला. तिने तो मागे घेतला आणि पदराखाली घट्ट धरून ठेवला. "मी इथेच आहे. घाल तू."

हौसाने बाळाला न्हाऊ घातलं, पुसलं, दुपट्यात गुंडाळलं आणि आईकडे बघून हसली. म्हातारीही हसली. आता तिला परत निघायला हरकत नव्हती.

तात्पर्य काढायचं तर इतकंच: आपल्या माणसाला भरवणं ही माया खरीच, पण आपण नसताना त्याला खाता यावं म्हणून हात आवरणं ही त्याहून मोठी माया.