बारा दसऱ्यांचा रंग

एका गावात एक फौजी गाडी होती. गावात घर तिथे सैनिक, त्यामुळे सैन्यातून निवृत्त झालेली ही जुनी हिरवी गाडी जेव्हा गावात आली, तेव्हा गावाने तिचे स्वागत माहेरी आलेल्या लेकीसारखे केले. वेशीजवळ तिच्यासाठी पत्र्याची शेड बांधली आणि तिची देखभाल सुभेदार हैबती निकमांकडे सोपवली. सुभेदारांनी चोवीस वर्षे अशाच गाड्या डोंगरदऱ्यांतून हाकल्या होत्या.

सुभेदारांचा त्या गाडीवर फार जीव. दर खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारे-अवजारे पुजतात तेव्हा, ते पहाटे उठून तिला न्हाऊ घालत. अंगाला हिरवा रंग देत आणि मागच्या हुकाला लालभडक. मग हळदकुंकू, झेंडूचा हार आणि नारळ. दुसऱ्या कोणाला ते ब्रशला हात लावू देत नसत. सुभेदारांची गाडी आणि सुभेदारांच्या मिशा, दोन्ही सदा चकचकीत, असे गावात गमतीने म्हणत. गाडी वर्षातून दोनदा, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला, गावातून एक फेरी मारून येई. तेवढेच तिचे काम.

एका वर्षी चैत्रातच पठारावरचा झरा आटला. वर धनगरांची तीस घरे, आणि त्यांच्या मेंढ्या. वरची वाट इतकी वाकडीतिकडी, की ट्रॅक्टर निम्म्यातच दम टाकी. चढेल तर ही फौजी गाडीच, हे सगळ्यांना ठाऊक होते. दोन चाकांचा पाण्याचा टँकर भरून तयार ठेवला. आता तो गाडीच्या मागे हुकाला अडकवायचा, की निघायचे.

टँकर अडकवण्याआधी सुभेदारांनी नोकरीतल्या जुन्या सवयीने हुकाला हात घातला आणि फिरवून पाहिला. हूक फिरेना.

तो हूक साधा नव्हता. त्याचा दांडा गाडीच्या मागच्या पोलादी घरात बसवलेला होता आणि त्या घरात तो गरगर फिरायला हवा होता. पण आता तो गाडीशी एकजीव झाल्यासारखा घट्ट बसला होता.

सरपंच म्हणाले, "सुभेदार, हूक वढायला लागतोय. फिरायला कशाला पायजे?"

"वाट वाकडी हाय, सरपंच. टँकर कलंडला आन् हूक फिरला, तर टँकर एकटाच कलंडंल. न्हाई फिरला, तर गाडीला बी पिळून संगं घिऊन जाईल. आन् गाडीत मानसं असत्यात."

मग काय, सगळे गाव हुकाच्या मागे लागले. तालमीतले दोन पैलवान आले आणि त्यांनी लांब पाइप अडकवून जोर केला. पाइप वाकला, हूक जागचा हलला नाही. कोणी म्हणाले घण घाला, कोणी म्हणाले कापून नवा जोडा. तेवढ्यात एकाला आठवले, की ओढ्याकाठी घिसाड्यांची पाले पडली आहेत. तिथली ताराबाई सोळंकी घण घालण्यात पंचक्रोशीत नावाजलेली. नवरा तापलेले लोखंड सांडशीत धरी आणि ही वरून घण घाली. ही एक घाव घालील आणि काम फत्ते होईल, या आशेने तिला बोलावून आणले.

ताराबाई आली. तिने खांद्यावरचा घण खाली ठेवला आणि हुकापाशी उकिडवी बसली. बोट फिरवून पाहिले, नखाने टोकरून पाहिले. मग मान वर करून विचारले, "हे कुनी रंगवलं?"

सुभेदारांचा मान मोठा, त्यामुळे कोणी आभाळाकडे पाहू लागले, तर कोणी आपल्या चपलांकडे. सुभेदारांना 'गावानं' असे म्हणता आले असते आणि ते खोटेही ठरले नसते, कारण रंगाचे डबे धरायला दरवर्षी चारजण असतच. एक क्षण ते उत्तर त्यांच्या ओठांवर आलेही.

पण ते म्हणाले, "म्या. बारा वर्सं झाली. दर दसऱ्याला."

"लई मायेनं रंगवलाय," ताराबाई म्हणाली. "पर तोंड बुजवलं तुमी त्याचं."

तिने रंगाखालचा एक बारीकसा उंचवटा दाखवला. ते ग्रीस भरायचे निप्पल होते. नोकरीत असताना सुभेदारांनी असल्या शेकडो निप्पलांतून ग्रीस भरले होते, दुसऱ्यांकडूनही दटावून भरून घेतले होते. आणि इथे, आपल्या लाडक्या गाडीच्या बाबतीत, ते साफ विसरले होते. हुकाला हार घालता घालता तो कधी देव झाला, ते त्यांचे त्यांनाही कळले नव्हते, आणि देवाला तेलपाणी विचारायचे कोणाच्या मनात येते? सुभेदारांचे कान लाल झाले. सगळ्या गावासमोर त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"घण घाला की, बाई," मागून कोणीतरी ओरडले.

"घण माजा हाय. कवा घालायचा ते मला कळतंय," ताराबाईने ठणकावले. "त्यो घावानं फुटंल, सुटायचा न्हाई. आदी रंग खरडा."

सरपंच माणसे बोलावू लागले, तेव्हा सुभेदारांनी हात वर केला. "मीच खरडतो," ते म्हणाले आणि इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांनिशी धुळीत बसले. एकेक थर निघत गेला. एका थराखाली गेरू निघाला, कारण त्या वर्षी लाल रंग संपला होता. दरवर्षी कौतुकाने चढवलेला रंग आज त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवला. मला विचाराल तर, चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जे शौर्य केले असेल ते असेल, पण हे त्याहून कमी नव्हते.

मग ताराबाईचे काम सुरू झाले, आणि काय ते काम! तिने डिझेलच्या टाकीवर ओली पोती टाकायला लावली, कोळसे पेटवले, नवऱ्याला भात्यावर बसवले आणि दांड्याभोवतीचे पोलादी घर तेवढे शेकले. बाहेरचे तापून फुगले की आतल्याला जागा होते, हे तिला कोणत्या शाळेने शिकवले नव्हते. निवाल्यावर थेंब थेंब तेल सोडले, लाकडी हातोड्याने टकटक केली, आणि मग पाइप सुभेदारांच्या हाती दिला.

"हळू. अडला की मागं फिरवा, मंग पुडं. जोर केला की गंज आत दबून बसतोय."

दिवसभराने हूक तांदळाएवढा हलला. पैलवान हसले. ताराबाई मात्र हरखून म्हणाली, "हालला! आता त्यो आपलाच हाय."

दोन दिवस हेच चालले. शेकायचे, तेल सोडायचे, मागे-पुढे फिरवायचे. तोवर हसणारे पैलवानच गाढवांवर आणि खांद्यांवर पाणी लादून पठारावर पोचवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी हुकातून तांबडे तेल गळू लागले, आणि तासाभरात तो पूर्ण फिरला. एक अख्खा फेर! टाळ्या पडल्या. सुभेदारांनी निप्पल साफ करून ग्रीस भरले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी टँकर घेऊन निघाली. निम्मी वाट सुखात गेली. मग एका आडव्या घळीत टँकरचे चाक घसरले आणि टँकर धाडकन एका अंगावर झुकला. मागून चालणाऱ्यांनी डोळे मिटले. हूक आपल्या घरात अलगद फिरला. टँकर तिरका झाला, पण गाडी चारही चाकांवर सरळ उभी राहिली. पैलवानांनी टँकर सावरला आणि सुभेदारांनी गाडी हळूहळू वर काढली. थोडे पाणी सांडले, बाकीचे पोचले. वर बायका हंडे घेऊन उभ्याच होत्या.

त्या खंडेनवमीला सुभेदारांनी रंगाचा डबा उघडला नाही. फिरत फिरत घिसाड्यांची पाले पुन्हा ओढ्याकाठी आली होती. सुभेदार स्वतः जाऊन ताराबाईला घेऊन आले आणि झेंडूचा हार तिच्या हाती देत म्हणाले, "बाई, औंदा हार तुमीच घाला."

ताराबाईने हार हातातच ठेवला. म्हणाली, "आदी फिरवा."

सुभेदारांनी हसत ग्रीस भरले आणि सगळ्या गावासमोर हूक एक फेर फिरवला. मगच तिने हार घातला. तेव्हापासून त्या गावात शिलाई यंत्र असो की पाण्याचा पंप, आधी चालवून पाहिल्याशिवाय त्याला कोणी हार घालत नाही.

तात्पर्य: नुसते पुजून काही टिकत नाही, त्याची नित्य निगा राखावी लागते, आणि आपल्या मायेनेच काही बिघडले असेल, तर ते चारचौघांत कबूल करायला मन मोठे लागते.