होड्या अजून पाण्यात

घाटमाथ्यावर एक गाव होतं. गावाला एकच तळं, आणि तळ्याचा राखणदार रावबा पाटकरी. तळ्याच्या तोंडाशी लाकडी फळी होती. मृग लागला की गाव वाजतगाजत जमे, नारळ फुटे, रावबा फळी उचलून जुनं गढूळ पाणी सोडून देई. नव्या पाण्याला जागा नको का! "माझा हात लागल्याशिवाय इथं थेंब हलत नाही," असं तो मिशीला पीळ देत सांगे.

एका वर्षी त्याने फळीला हात घातला, तोच कोकणातून सुकट विकायला आलेली हिरू कोळीण ओरडली, "थांब रे बाबा! यंदा पाणी सोडू नको."

"का गं मावशी? सुकट खपली नाही वाटतं?" रावबा म्हणाला. गाव हसलं.

"आमच्या होड्या अजून पाण्यात आहेत. दरसाल मृगाआधी किनाऱ्यावर ओढतो. यंदा दर्या गप्प आहे. बंदरातले परदेशी खलाशी सांगतात, पृथ्वीच्या पार पलीकडे महासागराचं पाणी ऊन झालंय. ढग तिकडेच जमतात. आपला वारा लुळा पडलाय."

"कुठला तो महासागर, कुठं माझं तळं!" रावबा हसला खरा, पण विचारात पडला. मृगात कोळी उगाच होडी पाण्यात ठेवत नाही. पाणी सोडलं आणि पाऊस आलाच नाही, तर पोरंबाळं काय पिणार? न सोडावं तर बापजाद्यांची रीत मोडते, आणि चारचौघांत नाक जातं.

"जाऊ दे नाक," म्हणत त्याने हात काढला. लोक त्याला नाही नाही ते बोलले.

मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरड्या गेल्या. पुनर्वसूही तसाच. गाव तेच गढूळ पाणी गाळून प्यायलं आणि तगलं. पुष्यात ढग आले, तेव्हा तळ्यात घोट्याइतकंच पाणी उरलं होतं.

लोक रावबाच्या पाया पडू लागले. तो मागे सरला. "अरे, मला काय हात जोडता! केवढी ही धरणीमाय, केवढा तो दर्या! त्याचं नावही मला ठाऊक नाही. तिकडे त्याचं पाणी ऊन होतं आणि इकडे आपल्या घागरी रित्या राहतात. आणि मी म्हणत होतो, माझ्या हाताशिवाय थेंब हलत नाही!"

तेव्हापासून नारळ फोडण्याआधी तो विचारी, "मावशी, होड्या ओढल्या का?"

तात्पर्य: आपल्या ओंजळीतलं पाणी फार दुरून आलेलं असतं, म्हणून रीत पाळण्याआधी दुरून आलेली खबर ऐकावी.