उकललेला वेढा

"मंग वर्ग माह्या हाती कवा देता, बाबा?"

सोनेराव टेकामनं हे तिसऱ्यांदा विचारलं. लेतूबाबा चावडीच्या पायरीवर बसून बांबूच्या कामट्या तासत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. या पोडात मोठ्या माणसांना कोलामी शिकवणारा एक वर्ग होता. लेतूबाबा तो चालवायचे. आता त्यांचं वय झालं होतं, खोकला हटत नव्हता. आपल्यामागं वर्ग कोणाला द्यायचा, हे पोडानं त्यांच्यावरच सोपवलं होतं.

सोनेरावला यात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. तो याच पोडाचा, वर एम.ए. झालेला. रानोमाळ हिंडून त्यानं कोलामीचे चार हजार शब्द टिपले होते. त्यांचा छापील कोश बाबांच्या पुढ्यात पडला होता.

"मंगळवारी ये," बाबा म्हणाले.

"शिकवाले?"

"टोपली विणाले."

सोनेरावच्या कपाळाला आठी पडली. पण आला.

वर्ग म्हणजे काय, तर चावडीत घोंगड्यांवर बसलेली पंधरा-वीस माणसं. लहानपणी कानावर पडलेली बोली शाळेत, बाजारात, कामाच्या ठिकाणी हरवून बसलेली. फळा नाही, वही नाही, सरकारी मदत नाही. बांबू आणि चहा घरटी पाळीनं यायचा. टोपली विणत कोलामीत गप्पा मारायच्या, एवढाच काय तो अभ्यास. मराठी शब्द तोंडातून निसटला, की आपल्या हातानं विणीचा एक वेढा उकलायचा. दुसऱ्यानं टोकायचं नाही, ज्याचं त्यानं उकलायचं.

सगळ्यात जास्त उकलायची ती जैतूबाई. तिला सुनेच्या कागाळ्या सांगायची भारी हौस आणि निम्म्या कागाळ्या मराठीत. दोन महिने झाले तरी टोपली वीतभर. माणसं हसायची, तीही हसायची आणि पुन्हा सुनेवर घसरायची.

सोनेराव खाली मान घालून विणत राहिला. कोणी काही विचारलं तर मान हलवायचा. चार हजार शब्दांच्या धन्यानं या बाईसारखं चारचौघांत हसं करून घ्यायचं? छे!

तिसऱ्या मंगळवारी त्याची टोपली काठासकट पुरी झाली. त्यानं ती बाबांसमोर ठेवली.

"एकही वेढा उकलला नाही, बाबा."

वर्गात हे बोलणं कोलामीतच चाललं होतं. तुमच्या-माझ्या सोयीसाठी मराठीत सांगतो.

"सुरेख झाली," ते म्हणाले.

सोनेराव फुलला. बाबांनी टोपली उजेडाकडं धरून चहूबाजूंनी फिरवली. मग जैतूबाईची टोपली मागून घेतली. काढून काढून तिच्या कामट्या वाकड्या झालेल्या, दोन तर चिरलेल्या. दोन्ही टोपल्या त्यांनी शेजारी ठेवल्या.

"जैतूची सून कशी आहे, ते सगळ्या पोडाला ठाऊक," बाबा म्हणाले. "तुझी माय कशी होती?"

माय, घर, चूल, झोप... सगळे शब्द सोनेरावला येत होते, कोशातल्या पानासकट. पण बोलायला लागला तशी जीभ अडखळली. पहिलंच वाक्य उलटंसुलटं झालं. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मी आश्रमशाळेत होतो," तो तुटक तुटक सांगू लागला. "पोरं चिडवायची. सुट्टीत घरी आलो. मायला म्हणालो, माझ्याशी ही बोली बोलू नकोस..."

"मग?"

"तिनं ऐकलं."

"किती दिवस?"

"मरेपर्यंत."

आता कोणी हसत नव्हतं. जैतूबाईचे हात थांबले होते.

"माझ्याजवळ तिचा एकसुद्धा शब्द नाही, बाबा. चार हजार दुसऱ्यांकडून आणले. मला तिची..."

पुढचा शब्द त्याला कोलामीत सापडेना. शेवटी तो मराठीतच बोलून गेला.

"माफी..."

सोनेरावनं डोळे पुसले नाहीत. त्यानं आपली टोपली मांडीवर ओढली, काठ सैल केला आणि वरचा वेढा काढायला घेतला. हाताला सवय नव्हती. कामटी बोटात शिरली.

लेतूबाबा आपल्या जागेवरून उठले. दोन्ही गुडघ्यांवर हात टेकत सावकाश चालत आले आणि शिकणाऱ्या माणसांत, जैतूबाईच्या शेजारी बसले.

"पुढच्या मंगळवारपासून," ते सोनेरावला म्हणाले, "वर्ग तू घे."