माघारीचा दगड

त्या राज्यात राजाची इच्छा पायांनी चाले, आणि ते पाय धावजी उंदराचे होते. हत्तीमहाराजांनी पाटाला पाणी सोडा म्हटलं, की धावजी धापा टाकत वेशीपर्यंत जाई. वेशीवरचं म्हातारं कासव प्रत्येक हुकमाला एकच विचारी, "नक्की ना? जा, पुन्हा एकदा विचारून ये." धावजी मनातल्या मनात शिव्या हासडत मागे फिरे. निम्म्या वेळा महाराज तोवर निवलेले असत आणि म्हणत, "राहू दे रे." राज्य असं रडतखडत चाललं होतं. धावजीचं दुःख एवढंच, की घरी बायको सावळीजवळच्या सात पिल्लांना बापाची फक्त पाठ ओळखीची होती.

मग कारभारी सरड्याने युक्ती काढली. त्याने महालाच्या अंगणात दगड मांडून प्रत्येकाखालून राज्यभर दोर सोडले. मधला दगड हुकमाचा. त्याच्या जोडीने पाण्याचा दाबला, की दूरवर पाट वाहू लागे. सगळ्यांचा दाबला, की दरबारी नावांच्या यादीतलं सारं राज्य समोर येऊन उभं राही. पुसण्याचा दाबला, की समोर जे असेल ते नाहीसं होई. आणि माघारीचा दाबला, की शेवटचा हुकूम परत फिरे. अट एकच: जोडीचे दोन्ही दगड एकदम दाबायचे, आणि तेही जिवंत पायांनी.

महाराज हरखले. कासवाची गरज संपली. ते पाठीवरचं घर घेऊन राज्याबाहेर निघालं, तेव्हा धावजीला म्हणालं, "बरं झालं, तुझे पाय वाचले." धावजीलाही ते खरंच वाटलं. हुकूम पोचवायचं काम संपलं म्हणून त्या यादीतून त्याचं नाव खोडलं गेलं आणि दगड झाडण्याचं फुटकळ काम उरलं, पण आता तो ऊन उतरायच्या आत घरी पोचत होता. पिल्लं त्याच्या मिशा ओढत.

महाराजांचा पाय मात्र थांबेना. सोंडेवर मुंगी चढली, वारूळ पुसलं गेलं. माकडं कुजबुजली, माकडांसकट बन गेलं. पुन्हा विचारून ये म्हणणारं कुणी नव्हतं. "राजाचा शब्द काय माघारी फिरतो?" सरडा म्हणाला, आणि माघारीचा दगड अंगणाच्या पार टोकाला न्यायचं ठरलं. धावजीने बारा घुशी जमवून तो ढकलत नेला. मोकळ्या जागेत जेवण मागवायचा दगड आला, पुसण्याच्या दगडाला खेटून.

"एवढ्या लांब कशाला टाकलात हो?" सावळीने विचारलं.

"वापरतंय कोण?" धावजी हसला.

महाराजांच्या वाढदिवसाला सगळ्यांचा दगड दाबला गेला. सारं राज्य अंगणात उभं राहिलं, सावळी आणि पिल्लंही. धावजीचं नाव यादीत नव्हतं, म्हणून तो झाडू घेऊन भिंतीकडेला थांबला. धाकटं पिल्लू त्याला शेपटी हलवून दाखवत होतं. महाराजांनी एक पाय हुकमाच्या दगडावर ठेवला आणि दुसरा जेवणासाठी उचलला. तो पाय हत्तीचा होता, त्याखाली एकच दगड थोडाच येणार! धावजीची नजर शेजारच्या पुसण्याच्या दगडावर गेली. "महाराज," तो जिवाच्या आकांताने ओरडला, "नक्की ना?"

पण उंदराचा आवाज तो केवढा. पाय खाली आला.

अंगण रिकामं झालं. घुशी गेल्या, सरडा गेला. यादीतल्या सगळ्यांत महाराजही आलेच. धाकटं पिल्लू उभं होतं तिथे नुसती फरशी होती.

धावजी हुकमाच्या दगडावर चढला. दगड खाली गेला. तिकडे टोकाला माघारीचा दगड तसाच वर होता. त्याने धाव घेतली, त्या राज्यात त्याच्याइतकं वेगाने कुणीच धावलं नव्हतं, आणि माघारीच्या दगडावर झेप टाकली. मागे हुकमाचा दगड सावकाश वर आला. धावजी परत हुकमाच्या दगडाकडे धावला.

पुढे फरशीच्या फटींतून गवत उगवलं आणि सारं अंगण झाकून गेलं. त्या दोन दगडांच्या मध्ये मात्र ते धरत नाही. तिथे बोटभर रुंदीची एक सरळ पायवाट आहे, आणि तिच्यावरची धूळ कधी बसत नाही.